मुहूर्ताच्या मिनिटापासून मागे मोजत या

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकट्या बहिणीचं लग्न फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात आहे. मुहूर्त दुपारी १२ वाजून २४ मिनिटांचा. मुलाकडचे कोल्हापूरचे. दोन्हीकडची मिळून साडेतीनशे माणसं. वडील नाहीत, सगळं भावालाच बघायचंय. कपडे-दागिने सोडून आठ लाखांत बसवायचंय. आजीला सनई हवी, नवरीला डीजे. केटरर, डेकोरेशन, फुलं, फोटो यांतलं आधी काय ठरवायचं आणि माणसं पारखायची कशी?

मी बावीस वर्षं पुण्यात लग्नाच्या व्यवस्थेचं काम करते. घरात मोठं माणूस नसताना भावाने किंवा आईने एकटीने उभी केलेली लग्नंही त्यात पुष्कळ आहेत. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. १२ वाजून २४ मिनिटं. लग्नाचं नियोजन म्हणून लोक याद्या करतात, हॉल बघत फिरतात, फोटो जमवतात. मी एक कागद घेते, मधोमध मुहूर्ताची वेळ लिहिते आणि तिथून मागे मोजत येते. त्या मिनिटाला काय काय हजर असायला हवं? नवरा-नवरी, अंतरपाट, दोन ताजे हार, प्रत्येकाच्या हातात अक्षता, वाजायला तयार सनई आणि पलीकडच्या दालनात पानं मांडून उभे असलेले वाढपी. प्रत्येक माणसाला काम देताना मी एकच पाहते. त्या मिनिटाला हा माणूस कामाचा आहे का?

मागे मोजून बघा. शेवटचं मंगलाष्टक १२.२४ ला संपायचं तर भटजींना सव्वाबाराच्या आत सुरुवात करावी लागते. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, चालीवर म्हटलं की एकेक साधारण मिनिटभर चालतं. घरच्या आत्या-मावश्या स्वतः रचलेली म्हणणार असतील तर ती किती आहेत ते आठवडाभर आधी भटजींना कळवा. ऐन वेळी चौघीजणी कागद घेऊन माइकजवळ आल्या तर कोणाला थांबवणार? म्हणून म्हणणाऱ्यांचा क्रम आधीच लिहून ठेवायचा. गौरीहरापाशी नवरी पावणेबाराला बसलेली हवी. तिथून मामा तिला बोहल्यावर आणणार. शालू, केस, दागिने, गजरे यांना अडीच तास लागतात, म्हणजे मेकअपची खुर्ची नऊला मांडलेली हवी. पुण्याहवाचन, देवक वगैरे त्याआधी उरकायचं तर घरची माणसं साडेपाचला उठलेली हवीत. आणि साडेपाचला उठायचं तर कार्यालयात आदल्या रात्री मुक्काम हवा.

इथेच तुमच्या पहिल्या निवडीचं उत्तर मिळतं. आधी कार्यालय ठरवा, आणि ते बघताना झुंबरं मागाहून बघा. ताबा कधी मिळतो ते आधी विचारा. पुण्यातली बरीच कार्यालयं आदल्या दिवशी संध्याकाळी ताबा देतात आणि लग्नाच्या दिवशी चार-पाचला रिकामं करून मागतात. पण मोठा हॉल आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच्या रिसेप्शनला दिलेला असेल तर तुमच्या हातात फक्त खोल्या येतात, आणि डेकोरेशनवाला रात्री अकरानंतर आत शिरतो. घाईत बांधलेला बोहला कसा दिसतो ते मी पाहिलंय. त्यामुळे "खोल्या कधी" आणि "हॉल कधी" हे दोन वेगळे प्रश्न वेगळे विचारा. शिवाय बाहेरचा केटरर चालतो का, चालत असेल तर त्याची रॉयल्टी, म्हणजे बाहेरचा केटरर आणला म्हणून कार्यालय घेतं ती रक्कम, किती, जनरेटरचं डिझेल भाड्यात आहे का, साफसफाईचे वेगळे घेतात का, आजीसाठी लिफ्ट आहे का, पार्किंगमध्ये बस वळते का, हेही.

बस मुद्दाम लिहिते आहे. कोल्हापूरचं वऱ्हाड सकाळी निघून मुहूर्ताला पोचेल असं कोणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, नुसता प्रवासच पाच तासांचा, आणि मध्ये खंबाटकी घाट. एका लग्नात नवरदेवाची गाडी त्या घाटात ट्रकच्या रांगेत अडकली होती. इकडे हॉलमध्ये चारशे माणसं अक्षता घेऊन बसलेली आणि नवरीची आई खिडकीतून रस्त्याकडे बघत उभी. मुहूर्त टळला. भटजींनी दीड तासाने दुसरी वेळ काढून दिली आणि लग्न लागलं, पण त्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. वरपक्षाला आदल्या दिवशी दुपारीच बोलवा. संध्याकाळी सीमांतपूजन, रात्रीचं जेवण, मुक्काम. खोल्यांचा खर्च वाढेल तो वाढू द्या. आणि भटजींकडून त्याच दिवशीची दुसरी शुभ वेळ आजच विचारून वहीत लिहून ठेवा.

आता जेवण, कारण तुमच्या आठ लाखांतला सगळ्यात मोठा वाटा तिकडे जाणार. पत्रिका मोजू नका, घरंही मोजू नका, ताटं मोजा. साडेतीनशे हा आकडा फक्त लग्नाच्या जेवणाचा आहे. सीमांतपूजनाच्या रात्री दीडशे, सकाळी नाश्त्याला दीडशे धरा. उदाहरणापुरतं लग्नाचं ताट ५५० रुपये, रात्रीचं ४०० आणि नाश्ता १२० धरला, तर १,९२,५०० अधिक ६०,००० अधिक १८,००० असे २,७०,५०० रुपये होतात. त्यावर कर. बाहेरच्या केटरिंगवर साधारण ५ टक्के आणि हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तेव्हा प्रत्येक दर ऐकला की "जीएसटी धरून की वेगळा" हे लगेच विचारायचं. हॉलच्या १८ टक्क्यांनी हिशोब चुकलेली घरं मी बघते.

ताटांची गॅरंटी, म्हणजे निदान इतक्या ताटांचे पैसे देऊच हा शब्द, कमी द्या. साडेतीनशे येतील असं वाटत असेल तर तीनशेची गॅरंटी द्या आणि साडेतीनशेची तयारी ठेवायला सांगा. चांगला केटरर हे समजून घेतो. गॅरंटीच्या वर गेलेली ताटं मोजायची कशी हेही आधीच ठरवा. रिकामी ताटं आधी मोजून एका जागी ठेवायची आणि शेवटी उरलेली मोजायची, हा जुना रिवाज आजही सगळ्यांत चांगला. त्यासाठी घरातला एक शांत माणूस नेमा, ज्याला फोटोत यायची फारशी हौस नाही.

केटरर पारखायचा कसा? चव घ्यायला त्याच्या ऑफिसात जाऊ नका. दोघांसाठी केलेला मसालेभात सगळ्यांचाच छान होतो. त्याला विचारा, या महिन्यात तुमचं काम कुठे आहे, आणि त्या लग्नाच्या यजमानांची परवानगी काढून दुपारी दोनच्या सुमारास तिथे जा. पहिल्या पंगतीला नाही, शेवटच्या. शेवटच्या ओळीतल्या माणसाला जिलबी मिळते का, मठ्ठा पातळ झालाय का, अळूची भाजी गरम आहे का, वाढपी दमलेले असतानाही "वाढू का?" असं विचारून वाढतात का, ते बघा. मग पाठीमागे जाऊन भांडी घासायची जागा आणि पाण्याची पिंपं बघा. मी केटरर कायमचा जोडते तो या दोन जागा बघून. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा, परवाना मागा, देणारा लगेच देतो.

आणि त्याला सरळ विचारा, त्या दिवशी तुमची एकूण किती कामं आहेत आणि माझ्याकडे मुकादम कोण येणार. लग्नसराईच्या तारखेला एकेक केटरर चार-चार ठिकाणी असतो. त्यात गैर काही नाही, पण येणाऱ्या मुकादमाचं नाव आणि फोन हवा, आणि तोच माणूस मेनू ठरवायच्या बैठकीला हजर हवा. माझ्या एका कामात केटररने चांगली माणसं दुसऱ्या मोठ्या लग्नाला पाठवली आणि आमच्याकडे रोजंदारीची पोरं आली. त्यांना पानात चटणी डावीकडे वाढतात हेसुद्धा माहीत नव्हतं. पोरांची चूक नव्हती, त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

पंगत की बुफे, असं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. जागा असेल तर निदान पहिली पंगत बसवा. कोल्हापूरची वडीलधारी माणसं उभ्याने ताट धरून जेवणार नाहीत, आणि त्यांनी जेवावं असं वाटत असेल तर त्यांना बसवून वाढायला हवं. दीडशेची पंगत पाऊण तासात उठते, मध्ये पंधरा मिनिटं साफसफाई. म्हणजे साडेतीनशे माणसांत विहिणींची पंगत तीनच्या आसपास बसेल. तोवर नवरा-नवरीच्या पोटात काही नसतं. साडेबाराला लग्न लागलं की दोघांना सरबत आणि दोन घास कोण देणार, हे कागदावर लिहा.

फुलांवर मी जास्त लिहिणार आहे, कारण तिथे सर्वात जास्त फसगत होते आणि थोडं कळलं तर सर्वात जास्त आनंदही मिळतो.

तुमची तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. तळेगाव आणि मावळातल्या पॉलिहाऊसमधला गुलाब त्याच सुमाराला १४ फेब्रुवारीच्या मागणीसाठी परदेशात आणि मोठ्या शहरांत जातो. म्हणजे गुलाब आपल्या दारात पिकतो आणि नेमका त्या आठवड्यात आपल्यालाच महाग पडतो. डेकोरेशनवाल्याने दाखवलेल्या फोटोत लाल गुलाबांची भिंत असेल तर ती सोडून द्या. मोगरा तेव्हा नुकता सुरू होत असतो, उन्हाळ्यात येतो तसा भरभरून नसतो. गजऱ्यापुरता घ्या, मंडपापुरता नको. शेवंतीचा हंगाम सरत आलेला असतो, पण पांढरी-पिवळी शेवंती मिळते. झेंडू मिळतो. निशिगंध मिळतो. या तीन फुलांत, आंब्याच्या डहाळ्या आणि केळीचे खुंट लावून बोहला इतका सुरेख होतो की थायलंडचं ऑर्किड आठवतही नाही. आजीला विचारा, तिच्या लग्नात काय होतं. बहुतेक हेच असेल.

फूल पारखायला हात लावावा लागतो. गुलाबाची कळी देठापाशी हलकेच दाबायची, घट्ट लागली तर ताजी, मऊ लागली तर आदल्या दिवसाची. शेवंती उलटी करून खालच्या पाकळ्या बघायच्या, त्या आधी काळपटतात. झेंडू देठाकडून तपकिरी व्हायला लागला की दुपारपर्यंत ओघळतो. निशिगंध उमललेला घ्यायचा नाही, टपोऱ्या बंद कळ्या घ्यायच्या, म्हणजे मुहूर्ताला हार उमलायला लागलेला असतो आणि गळ्यात पडल्यावर वास येतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे माल येतो. एकदा डेकोरेशनवाल्याबरोबर अंधारातच तिथे जाऊन या. ढिगांमधून एक चक्कर मारली की कोणतं फूल किती लवकर मान टाकतं ते डोळ्यांना आपोआप कळायला लागतं.

दोन हारांचा करार मी डेकोरेशनमध्ये कधीच धरत नाही. ते वेगळे सांगायचे, हार करणाऱ्या माणसाला, आणि स्वतः बोलून. माझ्या ओळखीत एक हारवाल्या मावशी आहेत. मुहूर्ताचा हार त्या रात्री दोनला ओवायला घेतात. निशिगंधाची एक कळी, देठाकडून सुई, मग पुढची कळी पहिलीच्या पाठीला टेकवून. चार कळ्यांनंतर बोटाने हार फिरवून बघतात, पीळ पडला असेल तर उसवतात. खालचा गोंडा गुलाबाचा, पण तो शेवटी, उजाडल्यावर. हार तयार झाला की तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत नाहीत. आतून घाम सुटतो आणि कळ्या लालसर पडतात. टोपलीत केळीचं पान, त्यावर हार, त्यावर पिळून घेतलेलं ओलं सुती फडकं. बारा वाजता ती टोपली बोहल्याच्या मागे आली की माझा जीव भांड्यात पडतो. असा हार गुडघ्यापर्यंत लांब करू नका. नवरीला तो उचलून नवऱ्याच्या गळ्यात घालायचा असतो आणि तिच्या हातात आधीच चुडा, डोक्यावर मुंडावळ्या असतात. बेंबीच्या जरा खाली आला की पुरे. चमकी आणि सोनेरी स्प्रे मारू नका म्हणून स्पष्ट सांगा. शालूवर पडलेली चमकी निघता निघत नाही.

डेकोरेशनवाल्याच्या करारात "ताजी फुलं" एवढंच लिहिलेलं पुरत नाही. कुठे ताजी आणि कुठे कापडी, ते जागेसह लिहून घ्या: बोहला, प्रवेशद्वार, गौरीहर, नवऱ्याच्या गाडीचं बोनेट. एका लग्नात सकाळी सहाला मी हॉलमध्ये शिरले तर बोहल्याच्या खांबांवर सगळा प्लॅस्टिकचा झेंडू. ठरलेला ताजा होता. "लांबून कळत नाही," असं उत्तर मिळालं. नवरीच्या काकांनी दोन मुलांना घेऊन मार्केट यार्ड गाठलं आणि घरच्या बायकांनी दहा वाजेपर्यंत तोरणं ओवली. तेव्हापासून मी पैशाचा शेवटचा हप्ता फुलं डोळ्यांनी बघितल्यावरच देते. हिरव्या फोममध्ये फुलं खोचू नका असंही सांगा. तो कुजत नाही, त्याचे बारीक कण होऊन मातीत राहतात. पाण्याच्या नळ्या, तांब्या, मातीची बोळकी यांत फुलं उलट जास्त टिकतात.

आता आजी आणि बहीण. मला त्यात भांडण दिसत नाही, कारण दोघी वेगवेगळ्या वेळेबद्दल बोलतायत. आजीला मुहूर्ताला सनई हवी आहे, बहिणीला नाचायचं आहे. मुहूर्ताला कोणी नाचत नाही आणि हळदीला कोणी सनईची वाट बघत नाही.

सनई मात्र खरी बोलवा. रेकॉर्डवरची नको. पुण्याला सनईची मोठी परंपरा आहे, पंडित शंकरराव गायकवाडांसारखा सनईवादक इथलाच, आणि सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात सनईने होत आली आहे. सनई-चौघड्याचे चार-पाच कलाकार असतात: दोन सनया, एक नुसता सूर धरणारा, आणि चौघड्यावर एक-दोघं. त्यांना सकाळी आठला बोलवा. प्रवेशद्वाराजवळ, उन्हात नाही आणि जनरेटरशेजारीही नाही, अशी उंच बैठक द्या. वाजवायच्या आधी वादक पत्ती तोंडात धरून ओली करतो, फुंकून बघतो, नाही पटली तर दुसरी काढतो. ती पाच-दहा मिनिटं त्यांना निवांत मिळू द्या. सकाळी भैरव-तोडी, उन्हं चढली की सारंग, असं ते आपणहून वाजवतात, सांगावं लागत नाही. सांगायचं ते एवढंच की शेवटच्या मंगलाष्टकाला भटजी हात वर करतील तिकडे डोळा असू द्या, आणि सावधान झालं की एका क्षणात सुरू व्हा. यासाठी वादकांना बोहला दिसायला हवा. दिसत नसेल तर मधे एक मुलगा रुमाल घेऊन उभा करा. रेकॉर्डिंगचं बटण दाबणारा मुलगा त्या मिनिटाला फोटो काढत असतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता वाद घालत नाही. आणि कलाकारांचं जेवण साडेदहाला उरकून घ्या. मुहूर्तानंतर तासभर तरी सनई चालू राहायला हवी, आणि उपाशी माणसाला फुंकायला सांगणं बरं नव्हे.

डीजे हळदीला ठेवा. वेळ संध्याकाळी सहा ते साडेनऊ. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, तेव्हा दहाला पोलीस येण्यापेक्षा साडेनऊला आपणच आरती करून थांबलेलं चांगलं. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. डीजे ती सहज ओलांडतो, म्हणून स्पीकर दोनच ठेवायला सांगा आणि शेजारच्या सोसायटीला आधी जाऊन भेटा. लेझर लाइट अजिबात नकोत, थेट डोळ्यात गेला तर पडद्याला इजा होते, आणि हळदीत लहान मुलं पुढेच उभी असतात. एखाद्या हॉलने गाणी वाजवायला संगीताचा वेगळा परवाना मागितला तर नम्रपणे सांगा की कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीला आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे आणि केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये तशी जाहीर सूचनाही काढली आहे. त्या सूचनेची प्रत फोनमध्ये ठेवा.

वऱ्हाड कोल्हापूरचं आहे, तेव्हा त्यांना विचारा, हलगी आणताय का? दोन हलग्या आणि घुमकं आलं तर वरातीला डीजेची आठवण कोणाला होणार नाही. त्यांनी आणली तर मान त्यांचा राहतो आणि खर्चही वाटला जातो.

एक गोष्ट मात्र पैसे न देता होईल आणि ती नक्की करा. आजीला घाण्याच्या, हळदीच्या ओव्या येतात का, विचारा. येत असतील तर हळदीच्या सकाळी, डीजे यायच्या कितीतरी आधी, जात्यापाशी तिला बसवा, बहिणीला शेजारी बसवा आणि कोणीतरी फोनवर आवाज नोंदवून घ्या. स्पीकर नाही, माइक नाही. पन्नास वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लग्नात म्हटलेली ओवी एकदम आठवते, मग शेजारची काकू पुढची ओळ पुरवते. मी हे जिथे जिथे घडवून आणलंय, तिथे नवऱ्या मुलींनी वर्षानंतर त्याच नोंदीची आठवण काढली आहे.

फोटोग्राफरबद्दल थोडक्यात. ज्याचं काम बघून ठरवलंत तोच स्वतः येणार का, फोटो दोन ठिकाणी जतन होतात का, अल्बम किती पानांचा आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहून घ्या. आणि अंतरपाट असताना पाहुण्यांच्या बाजूने दोनपेक्षा जास्त कॅमेरे उभे राहणार नाहीत अशी अट घाला. लग्न बघायला आलेल्यांना कॅमेऱ्यांच्या पाठी बघाव्या लागू नयेत.

पैशांचे हप्ते असे ठेवा: ठरवताना पाव हिस्सा, आठवडाभर आधी निम्मा, उरलेला काम झाल्यावर. संपूर्ण आगाऊ मागणाऱ्याला काम देऊ नका. एका समारंभासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतून द्या, तोच तुमचा पुरावा. करार छापील नसला तरी चालेल. दर, ताटं, फुलांच्या जागा, येणाऱ्या माणसाचं नाव, वेळ आणि तारीख पुढे गेली तर आगाऊ रकमेचं काय, हे सगळं एका व्हॉट्सअॅप संदेशात लिहून पाठवा आणि समोरच्याकडून "मान्य" असं उत्तर घ्या. २०२० च्या मार्चनंतर लग्नं पन्नास माणसांवर आली तेव्हा ज्यांच्याकडे असं दोन ओळींचं लिहिलेलं होतं त्यांच्या तारखा बिनबोभाट बदलून मिळाल्या. आठ लाखांतले सत्तर हजार कोणाच्याही नावावर टाकू नका. ते लागतातच, फक्त कुठे लागतील ते आधी कळत नाही.

विवाह नोंदणीच्या अर्जावर भटजींची सही लागते आणि तीन साक्षीदारही. अर्ज भरून कार्यालयात घेऊन जा आणि कर्मसमाप्तीनंतर तिथेच सह्या घ्या. नंतर भटजींना गाठायला चार हेलपाटे पडतात.

राहता राहिलात तुम्ही. तुम्ही लिहिलंय, सगळं मलाच बघायचंय. लग्नाच्या आदल्या रात्रीपर्यंत जरूर बघा. पण त्या दिवशी सकाळी साडेअकराला तुमचा फोन, किल्ल्या, पाकिटं आणि हा वेळांचा कागद एका विश्वासाच्या माणसाच्या हातात द्या, मावशीचे यजमान, जुना मित्र, कोणीही. केटररचा मुकादम, सनईवाले, बसचा ड्रायव्हर यांना त्यांचा नंबर आदल्या दिवशीच देऊन ठेवा. त्यानंतर कोणी मीठ कमी आहे म्हणून सांगत आलं तरी ते तुमच्यापर्यंत पोचायला नको. कारण मुहूर्तानंतर तुम्हाला बोहल्यावर असायचं आहे. कानपिळी भावाची असते, आणि लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात त्याही भावाने. लाह्या आदल्या रात्रीच निवडून एका स्वच्छ सुपात काढा, वर फडकं बांधा आणि सूप भटजींच्या सामानाशेजारी ठेवा. शेवटच्या क्षणी त्यांची शोधाशोध झालेली मी बरेचदा पाहिली आहे.